भीड

आमच्या टेबलाच्या खणात एक पत्र जपून ठेवलेले आहे. ते थायलंडहून आलेले आहे. लिहिणारा आमचा सेमिनरीतील सहाध्यायी. पुण्याच्या पेपल सेमिनरीत एकाच बाकावर बसून आम्ही दोघांनी तत्त्वज्ञानाचे आणि ईशज्ञानाचे धडे गिरविले. पुढे आम्ही कोकणात आलो, तो समुद्रापार गेला. गेली अनेक वर्षे तो थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील चंथबुरी भागात एका शाळेत इंग्रजी शिकवितो. त्या देशात कॅथलिकांचे प्रमाण शेकडा एकही भरत नाही. त्याचे बहुतेक सहकारी बौद्ध आहेत. संगणकाच्या या काळातही हा गृहस्थ वर्षातून दोनदा शाईने पत्र लिहितो, हे त्याचे आमच्यावरील ऋण आहे.

2019 च्या फेब्रुवारीत आलेल्या त्या पत्रात त्याने एका सहलीची हकीकत लिहिली होती. शाळेतील सारे थाई शिक्षक आणि हा एकटा परदेशी, अशी मंडळी को चांग नावाच्या बेटावर गेली. 'को' म्हणजे बेट आणि 'चांग' म्हणजे हत्ती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे. बसमध्ये पहाटेपासून गाणी चाललेली. जेवणाची पात्रे मधोमध मांडलेली, आणि प्रत्येकाने त्यांतून थोडे थोडे घ्यायचे. किनाऱ्यावर पोहोचल्याबरोबर याने उत्साहाने विचारले, "पोहायला जाऊ या ना?" सारे हसून "हो, हो" म्हणाले. हा पाण्यात शिरला, बराच आत गेला आणि मागे वळून पाहतो तो एकही जण पाण्यात नाही. सगळे झाडांच्या सावलीत बसून याच्याकडे पाहत हात हालवीत होते. त्याला राग आला. यांना यायचे नव्हते, तर "नाही" का म्हणाले नाहीत? संध्याकाळी एका तरुण शिक्षिकेने, बऱ्याच संकोचानंतर, त्याला एक थाई शब्द सांगितला. तो शब्द 'क्रेंगचाइ'. 'चाइ' म्हणजे हृदय, 'क्रेंग' म्हणजे धाक. समोरच्याचे मन दुखावू नये, त्याला अवघड वाटू नये, म्हणून आपली इच्छा आपल्याच पोटात ठेवणे, असा काहीसा त्याचा अर्थ. "या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही," असे आमच्या मित्राने खेदाने लिहिले होते.

इंग्रजीत नसेल. आपल्याकडे तो आहे, आणि तो शिकण्यासाठी आम्हांला थायलंडला जावे लागले नाही. आम्हांला तो त्या पत्राच्या दोनच महिने आधी, रत्नागिरीहून मालवणास गेलेल्या आमच्या शाळेच्या सहलीत शिकावा लागला. तो शब्द म्हणजे भीड.

वाचकहो, आम्ही मूळचे वसईचे. घरी आमची आई आमच्याशी कादोडीत बोलत असे. धर्मगुरू होऊन आम्ही ज्या गावांतून सेवा केली तिथे छापील मराठी बोललो, आणि तीच पुढे अंगवळणी पडली. रत्नागिरीस बदली होऊन आलो तेव्हा आमच्या मनात परकेपणाची शंकाही नव्हती. मराठी माणसाने मराठी मुलखात परके का वाटून घ्यावे? धर्मग्राम लहान, त्याला जोडून शाळा. शिक्षक आणि इतर कर्मचारी मिळून सतरा माणसे. त्यांत ख्रिस्ती तिघे, दोघे मुसलमान, बाकी हिंदू. शाळेचा कारभार आमच्याकडे आणि आठवड्यातून चार तास मूल्यशिक्षणाचे.

आठ-दहा दिवसांतच आमच्या ध्यानात आले की आम्ही शिक्षकखोलीच्या दारात उभे राहिलो की आतली भाषा बदलते. आत आपसांत चाललेली गावची बोली, तिचे हेल, तिच्यातली थट्टा, सारे दिव्याची वात खाली करावी तसे मंद होई आणि सगळे जण आमच्याशी पुस्तकातील मराठीत बोलू लागत. सर्वांना चहा काचेच्या पेल्यांतून मिळे, आमच्यासाठी मात्र कपबशी निघे. आम्ही काही सुचविले की "चालेल, फादर" हे उत्तर ठरलेले. आम्हांला त्याचे बरेच वाटे. सहकाऱ्यांत एकोपा आहे, आपल्या शब्दाला मान आहे, असे आम्ही बिशपांनाही कळविले होते.

संध्याकाळी फिरायला आम्ही पुष्कळदा थिबा पॅलेसच्या बाजूस जातो. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 च्या नोव्हेंबरात गादीवरून उतरविला गेला आणि 1886 साली त्याला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. तो 1916 च्या डिसेंबरात इथेच वारला. हा प्रशस्त वाडा त्याला मिळाला तोच मुळी 1910 साली. तीस वर्षे तो माणूस या गावात राहिला. गावाने त्याला मान दिला. पण तो या गावाचा झाला नाही. त्याची नात टुटू मात्र इथल्या लोकांत राहून, मराठी बोलत, रत्नागिरीकर होऊन गेली. तिच्यापाशी वाडा नव्हता, राज्य नव्हते, आणि बहुधा म्हणूनच तिच्यापुढे कोणाला आवाज खाली करावा लागला नसेल. हा विचार तेव्हा आमच्या मनात आला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. पण तो आला मागाहून.

2018 च्या नाताळच्या सुटीत आम्ही सर्वांची एक दिवसाची सहल ठरविली. 'ठरविली' हाच शब्द बरोबर आहे. स्थळ आम्ही निवडले: मालवणचा सिंधुदुर्ग. दिवस आम्ही निवडला: 27 डिसेंबर. जेवणाची खाणावळ आम्ही दूरध्वनीवरून नक्की केली आणि सतरा मासळीच्या थाळ्या सांगून ठेवल्या. मग सभा बोलावून हे सारे वाचून दाखविले. "चालेल, फादर," असे सर्वांनी सांगितले.

पहाटे पाचला मिनीबस निघाली. लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली असा रस्ता. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम चालू असल्याने जागोजागी धूळ आणि वळसे. मागच्या बाकांवर गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. आम्ही पुढच्या दोघांच्या आसनावर बसलो होतो आणि आमच्या शेजारची जागा रिकामी होती. मागे तीन-तीन माणसे दाटीवाटीने बसली होती, तरी ती जागा कसालला महामार्ग सोडून मालवण येईपर्यंत रिकामीच राहिली. आम्ही तिच्यावर आपली पिशवी ठेवली.

मालवणात पोहोचल्यावर बाजार, मग रॉक गार्डन आणि मग जेवण. थाळ्या आल्या. सुरमईचा तुकडा, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी. आम्ही प्रार्थना म्हटली आणि जेवू लागलो. काही वेळाने पाहतो तो पाच-सहा भगिनींनी ताटाला हातही लावलेला नाही. एकीने सोलकढीची वाटी तेवढी जवळ ओढली होती. "जेवत का नाही?" आम्ही विचारले. "भूक नाही, फादर. गाडीत खाल्ले ना," असे उत्तर आले. शेवटी आमच्या शिपायाने खाली पाहत सांगितले, "फादर, आज मार्गशीर्षातला गुरुवार."

उपवासाचा दिवस. सकाळी घट मांडून, देवीची पूजा करून या बायका अंधारात घराबाहेर पडल्या होत्या, आणि संध्याकाळी नैवेद्य दाखवून त्यांना उपवास सोडायचा होता. दिवस ठरविताना त्यांतील एकीनेही ते सांगितले नाही. पोपने ठरविलेल्या उपवासांचे दिवस आम्ही व्यासपीठावरून महिनाभर आधी जाहीर करतो. शेजारच्या बाकावरील माणसाचा उपवास मात्र आमच्या दिनदर्शिकेत नव्हता. आम्ही ओशाळलो, पण तेवढेच. "आधी सांगायचे नाही का?" असे वर त्यांनाच बोललो.

जेट्टीवर सुटीची गर्दी होती. आमची पाळी येईतो तीन वाजून गेले. तोवर खारा वारा चांगलाच सुटला होता. मतलई वारे आणि खारे वारे प्रत्येक शाळकरी मुलाने भूगोलात पाठ केलेले असतात: रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, आणि दुपार कलताना त्यांना जोर. आमच्या भूगोलाच्या बाई हे दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवितात. त्या आमच्या शेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. होडीचा तांडेल मात्र म्हणाला, "वारो वाढलोसा, फादर. होडी जरा हालतली." आम्ही म्हणालो, "धोका तर नाही ना?" तो हसला. "धोको नाय. तुमी म्हणतास तर जावया."

सारे होडीत उतरू लागले. सर्वांत मागे आमच्या शाळेच्या मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे शाळेची पहिली घंटा देणाऱ्या आणि शेवटचे कुलूप लावणाऱ्या. मुलांच्या गुडघ्यांना हळद लावणाऱ्या. वय पंचावन्नच्या पुढे. आम्ही होडीतून हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, फादर. मी इथे चपला सांभाळते." चपला सर्वांच्या पायांतच होत्या. आम्ही हसलो. इतर मात्र हसले नाहीत, हे आम्हांला आज आठवते. तेव्हा दिसले नाही. आम्ही त्यांना शुभवर्तमानातील गोष्ट सांगितली: सरोवरात वादळ उठले, शिष्य घाबरले, आणि नावेत निजलेल्या प्रभूने उठून वाऱ्याला दटावले. "मग भिता कशाला, मावशी? चला!" त्यांनी एकदा भूगोलाच्या बाईंकडे पाहिले आणि आमचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता. आम्हांला वाटले, वाऱ्याने.

सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते किनाऱ्यापासून लांब नाही. होडीची दहा-पंधरा मिनिटांची वाट. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले आणि 1667 मध्ये ते पुरे झाले. सुमारे 48 एकर जागा, आणि तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर. पायाचे चिरे बसविताना शिसे ओतले, असे सांगतात. होडीतून पाहताना नुसता काळा तट दिसतो. दरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडविला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो कुठे आहे हे कळत नाही. हे सारे आम्ही होडीत उभे राहून सांगत होतो. लाटा कडेवरून आत येत होत्या, तरुण शिक्षक आरोळ्या ठोकीत होते, आणि मावशी होडीच्या तळाशी, पाण्यात, गुडघ्यांत डोके घालून बसल्या होत्या. दोघी शिक्षिका त्यांना दोन्ही बाजूंनी मिठी मारून होत्या. त्या ओरडत नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्यांचे दात वाजत होते.

किल्ल्याच्या दरवाज्यात पोहोचल्यावर त्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मंडळी आत गेली. आम्ही भूगोलाच्या बाईंना विचारले, "यांना काय होते आहे?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी जे सांगितले ते असे. मावशी मिरकरवाड्याच्या. त्यांचा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत तो गेला आणि परत आला नाही. देहही मिळाला नाही. या गोष्टीला सव्वीस वर्षे झाली होती. तेव्हापासून मावशींनी होडीत पाऊल ठेवले नव्हते. भाट्याच्या पुलावरून एसटी जाते तेव्हाही त्या डोळे मिटून घेतात. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होते. आम्हांलाच नव्हते.

"मग मला सांगितले का नाही?" आम्ही विचारले. आमचा आवाज चढला असावा. बाई म्हणाल्या, "चुकले, फादर. आम्ही सांगायला हवे होते. पण तुम्ही एवढे हौसेने ठरवलेत..."

हौसेने! आमच्या हौसेला धक्का लागू नये म्हणून पाच बायका उपाशी राहिल्या, आणि एका बहिणीला तिच्या भावाला गिळलेल्या समुद्रावरून आणले गेले. आणि वर चूक कोणाची, तर त्यांची!

आम्ही मावशींच्या शेजारी पायरीवर बसलो. काय बोलावे ते सुचेना. तीस वर्षे आम्ही दुःखितांचे सांत्वन करीत आलो आहोत. त्या पायरीवर आमच्यापाशी एक वाक्य नव्हते. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की आम्ही बेटावर होतो. घाटात गाडी बंद पडली तर पायी परतता येते. बेटावरून परतायला वाट एकच, ती त्याच पाण्यावरची. ज्याची त्यांना भीती होती तिच्यातून त्यांना आणखी एकदा न्यावे लागणार होते, आणि तेथे त्यांना आणणारे आम्ही होतो. वादळाची गोष्ट आम्ही सांगू शकत होतो. वाऱ्याला दटावणे आम्हांला येत नव्हते.

तासाभराने तांडेल बोलवायला आला. आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, वारा कधी पडेल? तो म्हणाला, दिवस कलला की कमी होईल. शेवटच्या फेरीला थांबता का? थांबायचे तर उपवास असलेल्यांना घरी पोहोचायला मध्यरात्र होणार. या वेळी आम्ही ठरविले नाही. सर्वांना पायरीपाशी बोलाविले, घडले ते आमच्या चुकीने घडले हे सांगितले, आणि विचारले, काय करू या? कोणी "चालेल" म्हणाले नाही. बराच वेळ कोणी काहीच बोलले नाही. मग उपवास असलेल्यांतील वयाने सर्वांत मोठ्या बाई म्हणाल्या, "देवी थांबेल. मावशीला घाई नको." त्यांनी हे आपल्या बोलीत म्हटले. आमच्यासमोर, आम्हांला उद्देशून बोललेले त्यांच्या बोलीतील ते पहिले वाक्य.

मग सगळे तिथेच बसले. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात. त्यांतील एका घरून चहा आला, सर्वांना एकसारख्या पेल्यांतून. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी त्या बेटावर आहेत. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोडे. आमच्या शिपायाने एका विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले. मावशींनी तोंड धुतले, दोन घोट घेतले, आणि आपण होऊन भावाविषयी बोलू लागल्या. तो फार सुरेख भजन म्हणायचा, त्याला तळलेले बांगडे आवडायचे, जाताना त्याने हिच्याकडे वीस रुपये मागितले होते आणि हिने दिले नव्हते. सव्वीस वर्षे ते वीस रुपये तिच्या मनात होते. आम्ही ऐकत राहिलो. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर आम्हांला पाहायचे होते, ते राहून गेले. त्याची खंत वाटत नाही.

सूर्य खाली गेला तसा वारा खरोखरच पडला. होडीत बसताना आम्ही हात पुढे केला. मावशी म्हणाल्या, "नको, फादर. तुम्ही पलीकडे बसा. मला बाईंजवळ बसू द्या. आणि गोष्ट सांगू नका."

रत्नागिरीच्या चार वर्षांत आमच्या सहकाऱ्यांपैकी कोणीही आम्हांला दिलेला तो पहिला नकार होता. आम्ही पलीकडे बसलो आणि गप्प राहिलो. कोणत्याही मानपत्राने आम्हांला एवढे बरे वाटले नसते.

मित्राचे पत्र आले तेव्हा आम्ही त्याला हे सारे लिहून कळविले. "तुझे थाई सहकारी खोटे बोलले असे मानू नकोस," असेही लिहिले. आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आहे आणि 'निर्भीड' माणसाचे आपण कौतुक करतो. आम्हीही उपदेशातून पुष्कळदा सांगितले आहे की होय ते होय आणि नाही ते नाही असावे. पण नाही म्हणण्याचे धैर्य ज्याच्या पगाराच्या कागदावर दुसऱ्याची सही लागते त्याच्याकडून मागणे सोपे असते. भिडेत दुसऱ्याविषयी माया असते, हे त्या दिवशी आम्ही पाहिले; तिच्यात भीतीही मिसळलेली असते, हेही पाहिले. ही दोन्ही वेगळी करण्याचे काम भिडस्त माणसाचे नव्हे. ज्याची भीड पडते त्याने ते केले पाहिजे. नकार देता येईल असे विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे. आम्ही सहल ठरवून मग विचारली होती. तो प्रश्न नव्हता, ती सूचना होती.

लिहिताना धर्मगुरू स्वतःला 'आम्ही' म्हणतात, ही जुनी रीत आहे आणि आम्हीही ती मोडलेली नाही. पण आता तो शब्द लिहिताना हात क्षणभर थांबतो. या 'आम्ही'मध्ये आणखी कोण आहे, आणि त्याला विचारले आहे का?

पुढे करोनाची वर्षे आली आणि सहली थांबल्या. 2023 च्या डिसेंबरात पुन्हा विषय निघाला. आम्ही स्थळ सुचविले नाही. बराच वेळ शांतता होती. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मार्गशीर्षातला गुरुवार नको." मावशी म्हणाल्या, "आणि बेट नको." सगळे हसले, मावशीही. शेवटी आंबा घाटात जायचे ठरले. सर्वांचा उत्साह पाहून आम्ही "छान, छान" म्हणालो.

वाचकहो, आम्हांला गाडी लागते. घाटातील वळणांनी आमच्या पोटात कालवाकालव होते, हे आम्ही कोणाला सांगितलेले नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आमचे आम्हांलाच हसू आले. एवढे सगळे शिकून आम्हीही भिडेला बळी पडलो होतो! सकाळी शिक्षकखोलीत जाऊन आम्ही ते सांगून टाकले. "मग दुसरीकडे जाऊ या," असे दोघे-तिघे म्हणाले. आम्ही म्हणालो, "नको, जाऊ या. पण तुम्हांला ठाऊक असलेले बरे."

साखरपा सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा मावशी मागच्या बाकावरून उठून पुढे आल्या. आमची पिशवी त्यांनी उचलून खाली ठेवली आणि आमच्या शेजारच्या जागेवर बसल्या. कनवटीची पुडी सोडून त्यांनी आमच्या तळहातावर आवळासुपारी ठेवली.

"डोळे मिटून घ्या," त्या म्हणाल्या. "मी पुलावर घेते तसे."

आम्ही मिटून घेतले.